चूलमोजे साहेब

दोन हजार एकोणीस साल. मी तव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो, अन् माझी शाळा तिसरीपर्यंतची. त्यात दुसरी दोनदा केली. म्हंजे सरकारी हिशेबानं तीन अन् माझ्या हिशेबानं चार वर्षं शिकलोय. एवढ्या विद्येवर हे लिहून राह्यलो, कारण त्या माणसाबद्दल गावात जो तो आपल्या मनाचं सांगतो अन् बराबर कुणीच सांगत न्हाई. त्याच्यापायी अर्धा दिवस उपाशी बसलो तो मी. तव्हा सांगायचा हक बी माझाच.

आमचं गाव केदारखेड्याच्या पलीकडं. केदारखेड्याला तो सकाळच्या पहिल्या गाडीनं उतरायचा अन् तिथून पायी यायचा. शेअर जीप समोर उभी असली तरी बसायचा न्हाई. अंगानं काडी, डोक्यावर छत्री, तीही भर उन्हाळ्यात. पँटीला सायकलवाले लावतात तसली क्लिप. सायकल मात्र नव्हती, कधीच नव्हती म्हणे. मी एकदा विचारलं, "साहेब, ही क्लिप कशापायी?" तर म्हणाला, "सवय आहे." ज्याला सायकल न्हाई त्याला क्लिपची सवय कशी लागती, हे तिसरी शिकलेल्या माणसाला कळत न्हाई.

काम त्याचं दिल्लीचं. देशभरातली थोडी थोडी गावं धरायची, त्या गावातली थोडी थोडी घरं धरायची, अन् कुणी किती पेरलं, किती पिकलं, घरात किती खाल्लं हे लिहून न्यायचं. आधी तो तीन दिवस गावात दारोदार फिरला, सगळ्या घरांची यादी केली. आमच्या ओट्यापाशी आला तव्हा विचारलं, "घरात माणसं किती?"

म्हटलं, "सहा. मी, म्हातारी, पोरगा, सून अन् दोन नाती."

"सगळे एका चुलीवर जेवता?"

"मंग काय परातीत जेवतो? एका चुलीवरच!"

त्यानं लिहिलं. मी बिलकुल डोळ्याची पापणी हलवली न्हाई. आता खरं सांगतो. आमच्या घरात तव्हा दीड वर्षापासून दोन चुली होत्या. अन् मी अन् पोरगा दीड वर्षापासून एकमेकांशी बोलत नव्हतो.

कारण अळी. चाळीस वर्षं मी कपाशीतली अळी मारत आलो, अन् माझ्या पोरानं कपाशी काढून दोन एकर तुती लावली, टीनाचं शेड उभं केलं अन् आत रेशमाच्या अळ्या पाळल्या. पाळल्या! गाई पाळाव्या तशा. मी चार माणसांत म्हटलं, "माझ्या पोरानं अळीची चाकरी धरली." त्याला ते लागलं. तो म्हणाला, "दादा, अळीचं खायाचं नसंल तर नका खाऊ." मी म्हटलं, न्हाई खात. दुसऱ्या दिवशी अंगणाच्या अलीकडच्या कोपऱ्यात सात विटा मांडून माती लिंपली, अन् आमच्या म्हातारीला सांगितलं, आजपासून आपली भाकर इथं. गॅसची टाकी अन् पलीकडची जुनी चूल सुनेकडं राह्यली. म्हातारीनं दीड वर्ष धुरात डोळे चोळले, पण मी हटलो न्हाई. हटायची आमच्यात चाल न्हाई.

पण गावाला कशाला सांगा? बाहेरून घर एक, दरवाजा एक, सातबारा माझ्या नावावर. घर फुटलेलं दुसऱ्यांचं असतं, आपलं नसतं.

तर यादी झाली, अन् त्यातून त्यानं जालन्याला बसून चिठ्ठ्या उचलाव्या तशी आठ घरं काढली. त्यात माझं. मी पारावर जाऊन सांगितलं, दिल्लीनं निवडलंय. सरपंचाला मिरच्या झोंबल्या. तो साहेबाला म्हणाला, "गावचा पहिला माणूस मी, अन् माझं घर कसं न्हाई?"

"तुमच्यावर आकडा पडला नाही."

"पाडा मंग. तुमच्या हातातच हाये ना?"

"आकडा माझ्या हातात नाही," साहेब म्हणाला, अन् माझ्याकडं बघून पुढं जोडलं, "आणि यांनाही कुणी निवडलेलं नाही. यांच्यावर पडलाय." झाडावरून कावळ्यानं करावं अन् आपल्यावर पडावं, तसं बोलला. तरी मी मनावर घेतलं न्हाई. कारण मोठा फॉर्म काढल्यावर त्यानं मला हाक मारली ती अशी, "कुटुंबप्रमुख, बसा."

उभ्या जन्मात मला कुणी कुटुंबप्रमुख म्हटलं नव्हतं. दादा म्हणतात, म्हातारं म्हणतात, माघारी काय म्हणतात ते माहीत हाये. त्याला माणसाची नावं चालायची न्हाईत. म्हातारीला तो "सदस्य क्रमांक दोन" म्हणायचा. म्हातारी पदराआड हसायची, "लग्नाला पन्नास वर्सं झाली, आज नंबर लागला."

त्याची रीत अशी की बाजेवर बसायचा न्हाई. चहा प्यायचा न्हाई. पाणी सुद्धा आपल्या बाटलीचं. "चहा घेतला की माणूस आपल्याकडून चांगलं लिहायला लागतो," म्हणायचा. मी म्हटलं, "साहेब, आमच्या चहात साखर बी न्हाई एवढी." ऐकला न्हाई. अंगणातल्या कडुनिंबाखाली भुईवर पेपर टाकून बसायचा, मांडीवर लिहायची फळी, खिशात तीन पेन अन् सुतळीनं बांधलेली एक पेन्सिल. पेन्सिलीनं लिहायचं ते कच्चं. शाईनं लिहायचं ते पक्कं. अन् शाई तो अशी जपायचा, जसं तिच्यात दिल्लीचं रक्त हाये.

"जमीन?"

"आठ एकर."

त्यानं कागदावर गुणाकार केला. "तीन पूर्णांक चोवीस."

"काय तीन?"

"हेक्टर."

बापानं ठेवलेली आठ एकर, दोन मिनिटांत तिनावर आणून ठेवली. तलाठ्याला सुद्धा एवढं जमत न्हाई.

बैल दाखवला. म्हणाला, "हा काम करतो?"

"न्हाई. म्हातारा झाला."

"मग ठेवला कशाला?"

"मी बी म्हातारा झालोय. मला ठेवलंच की."

त्यानं मान खाली घातली अन् लिहिलं, 'बिनकामी'. कुणाला लिहिलं ते मी विचारलं न्हाई.

त्याला तोंडी काही चालत नव्हतं. "तोंडी नको, दाखवा." झोळीत स्प्रिंगचा काटा ठेवायचा. बांधावर शेवग्याचं एक झाड हाये आमचं. म्हातारी सहज बोलून गेली की शेंगा आल्या की शेजारणीला देते. झालं. किती देता, किती वेळा देता, बाजारात त्याचे काय आले असते?

"अहो, शेजारणीला दिलेल्याचा बी भाव?"

"दिलं म्हणजे पिकलं. पिकलं म्हणजे लिहायचं." असं म्हणून त्यानं उभ्या उन्हात तीन शेंगा तोडायला लावल्या अन् काट्याला टांगून तोलल्या. मंग त्याच शेंगा परत म्हातारीच्या हातात दिल्या. एक शेंग घरी घेऊन जा म्हटलं, तर असा मागं सरकला जसा आम्ही साप दिला.

सारखं तोंडात एकच शब्द, सर्वसाधारणपणे. "सर्वसाधारणपणे आठवड्यात किती वेळा डाळ होते?" "सर्वसाधारणपणे शेतात किती तास असता?" काल झालं ते त्याला नको, सणाला झालं ते नको. माणूस एरवी कसा असतो ते पाह्यजे. हा प्रश्न फार वाईट हाये. एका दिवसापुरता कुणीबी चांगला असतो.

मंग शेडकडं गेला. शेडच्या दाराशी पायरी नव्हती; पोरानं बांधायची म्हणून ठेवली होती, विटा कमी पडल्या अन् तसंच राह्यलं. साहेब तिथं धडपडला, छत्री एकीकडं, झोळी दुसरीकडं. मी लांबून बघून हसलो. उठला, कपडे झाडले, अन् पह्यलं काम काय केलं असंल? टेप काढून उंबऱ्याची उंची मोजली. "पाच विटा पुरतील," पोराला म्हणाला. पोरगा म्हणाला, "आणायच्या हायेत साहेब." मी मनात म्हटलं, अळीवाल्याला पाच विटा जमेनात अन् चालला रेशीम विकायला.

शेडमधून परत आला अन् पुन्हा कडुनिंबाखाली बसून खाण्याचा पानभर फॉर्म काढला. तेल किती, गूळ किती. मी सांगत होतो, सहा माणसांचं, अंदाजानं, दोन्ही बाजूंचं मिळवून. बरं चाललं होतं.

"महिन्याला मीठ?"

म्हातारी बोलून गेली, "एक पुडा लागतो."

अन् अंगणाच्या पलीकडून, भांडी घासता घासता, आमची सून जोरात म्हणाली, "आमच्याला दोन लागतात!"

साहेबाचा पेन थांबला. त्यानं अलीकडच्या कोपऱ्यात बघितलं, पलीकडच्या कोपऱ्यात बघितलं. दोन्हीकडं राख.

"आमच्याला म्हणजे कुणाला?"

सुनेनं जीभ चावली. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "साहेब, ती पाणी तापवायची चूल हाये."

"कोणती?"

"कोणती बी!"

त्यानं शाईचा पेन खिशात ठेवला अन् सुतळीची पेन्सिल काढली. म्हंजे आमचं घर पक्क्यातून कच्च्यात गेलं. "मी माणसं मोजत नाही," तो म्हणाला. "चुली मोजतो. ज्यांची चूल एक, ते एक कुटुंब. छप्पर, दरवाजा, सातबारा, काही धरत नाही. दोन चुली असतील तर ही दोन घरं झाली. एक चौघांचं, एक दोघांचं. आणि यादीत एक घर वाढलं की पुढचे सगळे आकडे एकानं सरकतात. मला सगळी यादी नव्यानं करावी लागेल, आणि आठ घरं पुन्हा काढावी लागतील."

"तुम्हालाच तरास हाये मंग. लिहून टाका एक."

"मी उद्या पहिल्या गाडीनं येतो. धूर बघायला."

दुसरा कुणी असता तर जालन्याच्या स्टँडवर चहा पिता पिता एकाचे दोन न् दोनाचे एक करून मोकळा झाला असता. ह्याला तीन दिवसांची पायपीट परत करायची हौस. अन् जाता जाता काय म्हणाला? "येतो, आजोबा."

आजोबा! सकाळी कुटुंबप्रमुख होतो.

मी म्हातारीला बजावलं, "उद्या आपली चूल पेटवायची न्हाई. पलीकडं एकच धूर दिसंल. एक चूल, एक घर."

"मंग खायाचं काय?"

"साहेब गेल्यावर बघू."

"सुनेला सांगून येऊ?"

"बिलकुल न्हाई. त्यांचे उपकार नको."

सकाळ झाली. मी आंघोळ करून ओट्यावर बसलो, धुतलेलं धोतर नेसून. साहेब आला, कडुनिंबाखाली पेपर टाकून बसला. पलीकडचा धूर निघायची वाट आम्ही दोघं बघत राह्यलो. कोंबड्या दाणे टिपून गेल्या. ऊन ओट्यावर आलं. धूर काय निघंना. कुकरची शिट्टी न्हाई, भाकरी थापल्याचा आवाज न्हाई. पलीकडं सून रिकाम्या हातानं झाडू मारत होती. एकच अंगण तिनं चार वेळा झाडलं.

मला नंतर कळलं ते असं. पोरानं आदल्या दिवशी शेडच्या दारातून सगळं ऐकलं होतं. तो बायकोला म्हणाला, "दादांनी एक चूल सांगितली हाये. आपल्या धुरानं त्यांचं बोलणं खोटं पडायला नको. उद्या पेटवू नको." ती म्हणाली, "अन् पोरी?" "पोरींना बिस्किटाचा पुडा दे." आम्ही बापलेक बोलत असतो तर एकानं पेटवली असती. बोलत न्हाई, म्हणून दोघांनी विझवली. घरात सहा माणसं अन् चूल शून्य.

साहेबानं फॉर्म उलटा केला, सुलटा केला, मागची बारीक अक्षरातली सूचना वाचली. "याला उत्तरच नाही," तो म्हणाला. "घर आहे. माणसं आहेत. चूल नाही."

"मंग जा की जालन्याला."

"कधीतरी भूक लागेलच," म्हणाला, अन् पाय पसरून बसला.

बरं, उपाशी सगळे होते असं बी न्हाई. पोरगा दोनदा तुतीचा पाला घेऊन शेडमध्ये गेला. आत अळ्या खात होत्या. पाऊस पडावा तसा त्यांचा कुरूकुरू आवाज ओट्यापर्यंत येत होता. साहेबानं कान दिला अन् म्हणाला, "दुसऱ्यांदा जेवल्या." ते बी लिहिलं असंल, सांगता येत न्हाई.

माझ्या पोटात कावळे ओरडत होते, तव्हा मी त्याला डिवचायला विचारलं, "साहेब, तुमच्या घरी चुली किती?"

"नाही."

"न्हाई म्हंजे?"

"जालन्यात खोली आहे. खाणावळीत जेवतो."

"लेकरं?"

"मुलगा पुण्याला असतो. त्याची चूल तिकडे."

"जात असाल की."

"दिवाळीला. पण तेव्हा मी पाहुणा. पाहुणा सदस्यांत धरत नाहीत."

हे त्यानं सर्वसाधारणपणे सांगावं तसं सांगितलं, पेन्सिलीला टोक करत करत. मी म्हटलं, "मंग आज माझ्या घराची जी गत, तीच तुमची रोजची. चूल शून्य." मला वाटलं चिडंल. तो फक्त म्हणाला, "बरोबर." माणूस भांडत न्हाई तव्हा लई राग येतो.

ऊन डोक्यावर आलं अन् धाकटी नात रडायला लागली. म्हातारी ताडकन उठली. "मरू दे तुमचा सर्वे अन् तुमचा धूर! दोघं बापलेक दगडं हायेत, अन् हा तिसरा आणून बसवलाय!" आपला तवा उचलला, पिठाचा डबा काखेत मारला, अन् माझ्या डोळ्यांदेखत अंगण ओलांडून पलीकडं गेली. सासू-सुनेनं मिळून चूल पेटवली. धूर निघाला. एकच.

"लिहा," मी ओट्यावरून ओरडलो. "एक चूल! शाईनं लिहा!"

साहेब हलला न्हाई. पलीकडून सुनेनं हाक मारली, "मामा, या जेवायला. पिठलं केलंय."

पोरगा हात धुऊन खाली मान घालून बसला होता. बोलला न्हाई. तो बोलला असता तर मी गेलो असतो. त्यानं बोलवायचं का मी जायचं, ह्यावर दीड वर्ष अडलं होतं. एका पिठल्यावर कसं सुटंल? म्हटलं, "माझी भाकर इकडं आणा."

भाकर आली. मी ओट्यावर एकटा बसून खाल्ली. साहेब बघत होता. मंग उठला, पेपरची घडी केली, क्लिप नीट केली अन् माझ्याजवळ आला.

"पेन्सिलीनं एक लिहिलंय."

"पेन्सिलीनं का? धूर दिसला ना?"

"आजचा दिसला. मला सर्वसाधारणपणे पाहिजे." अलीकडच्या कोपऱ्यातल्या माझ्या चुलीकडं त्यानं पेन्सिल दाखवली. "ती चूल मांडलेली आहे. मांडलेली चूल कधी ना कधी पेटते. उद्या शेवटचा येतो. तेव्हा जे असेल ते शाईनं."

"तुम्हाला दिल्लीनं बक्षीस देत असतील एवढ्या खोडीपायी!"

"तीस वर्षांत दोन वेळा मेमो दिलाय," म्हणाला. "उशीर लावतो म्हणून." अन् छत्री उघडून चालायला लागला. चिकट माणूस. गुळाला लागलेला मुंगळा बरा, तो निदान गूळ तरी खातो.

गावानं त्याला चूलमोज्या नाव पाडलं, अन् गावात सांगतात की चूलमोज्यानं मला समजावलं, शिकवलं. काही समजावलं न्हाई. त्याला समजावता येत नव्हतं; त्याला फक्त मोजता येत होतं. अन् मी कुणाचं ऐकून काही केलं असं माझ्या आयुष्यात झालेलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी, केदारखेड्याला पहिली गाडी यायच्या आत, मी उठलो अन् कुदळीनं अलीकडच्या कोपऱ्यातली चूल उकलली. ती काही त्याच्यापायी न्हाई. विटा चांगल्या भाजलेल्या होत्या अन् फुकट पडल्या होत्या. सातच्या सात पाटीत घालून शेडच्या दाराशी नेल्या, उंबऱ्याला लावून बघितल्या. पोरगा पाल्याचा भारा घेऊन आला अन् तसाच उभा राह्यला.

म्हटलं, "बघत काय राह्यला? पाणी आण जल्दी, माती कालवायची हाये."

तो पाणी आणायला पळाला. पायरीला पाचच विटा लागल्या. त्या बाबतीत चूलमोज्याचं माप बराबर होतं. उरलेल्या दोन मी कडुनिंबाखाली शेजारी शेजारी मांडून ठेवल्या. बाजेवर न बसणाऱ्या माणसाला बूड टेकायला काहीतरी लागतंच की.